नवं इंजिन झटके देतंय? स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा आणि या क्रमाने जा

नवं कोरं मॉडेल रेल्वे इंजिन खोक्यातून काढलं, रुळावर ठेवलं, कंट्रोलरचा नॉब फिरवला आणि ते वीतभर जाऊन थांबलं. बोटाने टोचलं की परत वीतभर. लाइट मिचमिचतोय, मोटर गुरगुरतेय, आणि बाजूला बसलेलं पोरगं विचारतंय, "बाबा, बिघडलं का?" अशा वेळी बहुतेक जण जे करतात तेच मी माझ्या पहिल्या इंजिनाचं केलं होतं, म्हणजे सरळ बॉडी उघडली. चार स्क्रू काढले, टोपण ओढलं, हेडलाइटची केसाएवढी वायर तुटली, आणि आत बघतो तर दोष काहीच नाही. दोष होता एका सैल जॉइनरमध्ये, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत. तो पक्कडीने दाबायला अर्धा मिनिट लागला आणि वायर परत सोल्डर करण्यात अख्खा रविवार गेला.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो उलटा करू नका. आधी वीज, मग रूळ, मग चाकं, मग पळवून बघणं, आणि उघडणं सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रूळ पुसला, तेल घातलं आणि कंट्रोलरही बदलला, सगळं एकदम केलं आणि गाडी नीट चालली तर नक्की कशाने चालली ते तुम्हाला कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात परत तेच रडगाणं.

हे सगळं एचओ आणि ओओ या मापांच्या मॉडेलसाठी लिहितोय, म्हणजे १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), दोन रुळांतून वीज घेणारी इंजिनं. ९ मिमीच्या एन गेजलाही क्रम हाच, फक्त डोळे आणि हात जास्त स्थिर लागतात.

आधी सामान जमवा

मल्टिमीटर, साधा, डिजिटल. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल, सगळे आयपीए म्हणतात, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोबाईल रिपेअरवाले जे नेतात तेच. कानाचे कॉटन बड, किचन टिश्यू, जुन्या सुती बनियनचा तुकडा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन क्रोकोडाइल क्लिपवाल्या वायरी. चिमटा, टॉर्च. इंजिन उलटं ठेवायला स्पंजचा तुकडा, मधोमध खाच पाडून. प्लास्टिकला चालणारं हलकं तेल. एक वही.

वही हसण्यावारी नेऊ नका. कुठल्या टप्प्यावर काय झालं ते दोन ओळींत लिहून ठेवलं तर शेवटी दुकानदाराशी बोलताना तेच कामाला येतं.

⚠ नेलपेंट रिमूव्हर नको. त्यात असिटोन असतं, ते बॉडीचं प्लास्टिक विरघळवतं आणि रंग तर लगेच निघतो. "थोडंसंच लावतो" म्हणणाऱ्यांची इंजिनं मी बघितलीत.

टप्पा १: भिंतीच्या सॉकेटपासून सुरुवात

आपल्याकडे बरीच इंजिनं आणि स्टार्टर सेट कुणी ना कुणी बाहेरून आणलेले असतात. अमेरिकेतून आलेल्या सेटच्या पॉवर पॅकवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो थेट लावायचा नाही, धूर निघेल. जपानी सेटचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, तिथेही तेच. १०० ते २४० असं लिहिलेलं असेल तर नुसतं पिन बदलणारं कन्व्हर्टर पुरतं, नाहीतर स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि हो, पिन बदलणारं कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही, हे दरवेळी कुणाला तरी सांगावं लागतं.

जर्मनीतून आणलेलं असेल तर इंजिन उलटं करून पोट बघा. पोटाखाली लांब धातूची पट्टी, घसरगाडीच्या पट्टीसारखी, दिसली तर ते मार्कलिनचं तीन रुळी पद्धतीचं इंजिन आहे. त्याला वीज मधल्या खिळ्यांतून मिळते आणि दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना विजेने जोडलेली असतात, त्यामुळे आपल्या दोन रुळी ट्रॅकवर ठेवलं की सरळ शॉर्ट. ते बिघडलेलं नाही, चुकीच्या घरी आलंय. त्याच कंपनीची दोन रुळी इंजिनं ट्रिक्स या नावाने मिळतात.

आता कंट्रोलर. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा. नॉब हळूहळू फिरवत नेला की आकडा शून्यापासून साधारण १२ पर्यंत सलग चढायला हवा. मध्येच उडी मारत असेल किंवा शून्यावर पडत असेल तर नॉबच खराब आहे, इंजिनाला दोष देऊ नका.

इथे एक देशी भानगड. एलईडी पट्टीचा १२ व्होल्ट अडॅप्टर आणि त्याला जोडलेलं स्वस्तातलं मोटर स्पीड कंट्रोलर, हा जुगाड आपल्यातले बरेच जण वापरतात, मीही वापरलाय. साध्या डीसी इंजिनाला तो बहुधा चालून जातो, मोटर थोडी गुणगुणते इतकंच. पण तो कंट्रोलर व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण १२ व्होल्टचे तुकडे करून पाठवतो, आणि ज्या इंजिनात डिकोडर, म्हणजे डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारी चिप, आहे, विशेषतः आवाजवालं, ते त्यावर अक्षरशः वेड्यासारखं वागतं. मध्येच बंद, मध्येच सुसाट. तुमचा सेटअप असा असेल तर बाकी काही करायच्या आधी कुणाचा तरी साधा डीसी कंट्रोलर तासभर उसना आणा.

✔ तपासणी: दुसरं एखादं चांगलं चालणारं इंजिन असेल तर तेच रूळ, तोच कंट्रोलर वापरून पळवा. तेही अडखळत असेल तर नवं इंजिन निर्दोष समजून बाजूला ठेवा आणि थेट टप्पा ३ वर जा.

टप्पा २: इंजिन नीट बघा, हात न लावता जितकं जमेल तितकं

पॅकिंगचे तुकडे सगळे निघालेत का? बोगीखाली (बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा वळणारा चाकांचा गाडा) पातळ प्लास्टिकची चकती, चाकांमध्ये अडकलेला टिश्यू, फोमचा कण, हे सगळं राहतं. काही इंजिनं प्लास्टिकच्या पाटाला स्क्रूने आवळलेली येतात, तेवढेच स्क्रू काढायचे, त्याच्या शेजारचे नाहीत. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, चित्र बघा.

मग टॉर्च मारून प्रत्येक चाक रुळावर टेकेल अशा रेषेत आहे का, बोगी दोन्ही बाजूंना सारखी वळते का, एखादी वायर चाकाला घासत नाही ना, ते बघा. वाफेच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड वाकलेला नाही ना. इंजिन आणि टेंडर (मागचा कोळशा-पाण्याचा डबा) यांच्यामधला छोटा प्लग पूर्ण आत बसलाय ना, तो अर्धवट बसलेला असणं हे फार कॉमन आहे.

सोबत एका पुडीत ब्रेक पाइप, पायऱ्या, नळ्या वगैरे आलेलं असेल. ते आज लावायचं नाही. इंजिन तास दोन तास नीट पळेपर्यंत पुडी बंद. हे सगळं हौसेने आधी चिकटवलं की पाइप बोगीला अडतो, इंजिन वळणावर रुळावरून उतरतं, आणि माणूस गेज तपासत बसतो.

⚠ चाकं हाताने फिरवून बघू नका आणि इंजिन रुळावर दाबून ढकलू नका. बहुतेक इंजिनांत वर्म गिअर असतो. मोटर चाकाला फिरवू शकते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे चाक फिरत नाही म्हणजे जाम झालंय असं अजिबात नाही, ते तसंच असायला हवं. जोर लावला तर दाते तुटतात. लहान मुलांना हे आधी सांगा, कारण त्यांचं पहिलं काम "झूऽऽम" करत ढकलणं हेच असतं.

टप्पा ३: टेस्ट ट्रॅक आणि खडूची खूण

अख्ख्या लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या सगळ्या रुळांवर, शोधाशोध करायची नाही. एक मीटर सरळ रूळ, टेबलावर, सपाट, दोन वायरी थेट रुळाला. त्यात सांधे जितके कमी तितकं बरं. जमिनीवर, गालिच्यावर किंवा चटईवर नको, केस आणि दोरे ॲक्सलमध्ये (चाकांची जोडी जोडणारा दांडा) जातात.

रूळ पुसा. बनियनचा तुकडा आयपीएमध्ये ओला करून बोटावर गुंडाळा आणि वरचा माथा आणि आतली कड दोन्ही पुसा. कापड काळं येणं थांबेपर्यंत. नव्या रुळावरही फॅक्टरीचं तेल असतं, आणि मुंबई कोकणात पावसाळ्यात दोन आठवडे न वापरलेला रूळ पण काळं सोडतो. रूळ कशाचा आहे यावरही आहे. निकेल सिल्व्हर सगळ्यात कमी त्रास देतो, पितळ लवकर काळवंडतं, स्टील गंजतं. बॅचमनच्या ईझेड ट्रॅकमध्ये खालचा पाया काळा असेल तर रूळ स्टीलचा, करडा असेल तर निकेल सिल्व्हरचा, दुरूनही ओळखता येतं.

⚠ पॉलिश पेपर नको, भांड्याची काथ्या घासणी नको, स्टीलचा चोथा तर मुळीच नको. चरे पडतात आणि चऱ्यांत घाण दुप्पट वेगाने बसते. चोथ्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात ते वेगळंच.

आता इंजिन ठेवा, अर्ध्या स्पीडला सोडा, आणि जिथे अडखळेल तिथे रुळाशेजारी खडूने खूण करा. दहा फेऱ्या, इकडून तिकडे. सगळ्या खुणा एकाच जागी पडल्या तर दोष रुळाचा. खुणा कुठेही विखुरलेल्या असतील तर दोष इंजिनाचा, म्हणजे चाकं किंवा पिकअप (चाकांकडून वीज घेणाऱ्या पत्त्या). खडूचा एक तुकडा जे सांगतो ते कधी कधी मल्टिमीटरही सांगत नाही.

खुणा एका जागी आल्या आणि ती जागा सांध्याजवळ असेल तर जॉइनर काढा, बघा, पक्कडीने हलकेच दाबून घट्ट करा. जॉइनरची वीज तपासताना एक चूक सगळे करतात. रिकाम्या रुळावर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात रूळ ठीक आहे. रिकाम्या रुळावर सैल सांधासुद्धा १२ च दाखवणार, करंट वाहत नाही ना. करंट वाहायला लागला की व्होल्टेज पडतं. म्हणून भार लावा. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या, तो साधारण ०.८ अँपिअर ओढतो, आणि रुळाच्या लांबच्या टोकाला जोडा. कंट्रोलर छोटा असेल तर ५ वॅटचा घ्या. नॉब हळू चढवा आणि बल्ब पेटलेला असताना आधी वायरीजवळ, मग बल्बाजवळ व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर बरं. दोन व्होल्ट पडत असतील तर मधला एखादा सांधा पैसे खातोय.

✔ तपासणी: टेस्ट ट्रॅकवर इंजिन दोन्ही दिशांना सलग चालतंय? मग टप्पा ४ आणि ६ करून सरळ टप्पा ८ वर जा, तुमचा दोष लेआउटमध्ये आहे. नाही चालत? पुढे वाचा.

टप्पा ४: चाकं पुसणं

नव्या इंजिनाची चाकं स्वच्छ असतील असं वाटतं, नसतात. काळा मुलामा, साच्याचं तेल, ग्रीसचा हात लागलेला, काहीही असतं.

किचन टिश्यूची एक पट्टी रुळावर आडवी टाका, आयपीएने ओली करा, निथळणारी नको. इंजिनाची पुढची बोगी टिश्यूवर, मागची बोगी मोकळ्या रुळावर. मागची चाकं वीज घेतील, पुढची टिश्यूवर जागच्या जागी फिरतील. इंजिन दोन बोटांनी हलकेच धरून ठेवायचं. काही सेकंदांत टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतात, ते बघून पहिल्यांदा मला धक्काच बसला होता, कारण इंजिन सील तोडून पाचच मिनिटं झाली होती. टिश्यू सरकवा, नवी जागा घ्या, रेघा फिक्या होईपर्यंत करा, मग इंजिन फिरवून मागची बोगी.

छोटं इंजिन असेल आणि एवढी चाकं नसतील तर स्पंजमध्ये उलटं ठेवून बॅटरीच्या क्लिपा चाकांना लावा, चाकं फिरती ठेवा आणि कॉटन बडने पुसा. काही इंजिनांच्या एक दोन चाकांना रबराची रिंग असते, पकड वाढवायला. ती आयपीएत भिजवू नका, सैल होते. आणि त्या चाकातून वीज येत नाही हे लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

चाकाची मागची बाजूही पुसा. बऱ्याच इंजिनांत पितळी पत्ती तिथेच टेकते.

टप्पा ५: पिकअप, एकेक जोडी

इंजिन स्पंजमध्ये उलटं. बॅटरीची एक क्लिप पहिल्या ॲक्सलच्या डाव्या चाकाला टेकवा, दुसरी त्याच ॲक्सलच्या उजव्या. मोटर फिरली? वहीत बरोबरची खूण. मग दुसरा ॲक्सल, तिसरा, चौथा. रबर रिंगवाली जोडी फिरवणार नाही, ते ठीक. टेंडरवाल्या काही इंजिनांत एका रुळाची वीज इंजिनाकडून आणि दुसऱ्या रुळाची टेंडरकडून घेतात, तिथे एक क्लिप इंजिनाला आणि एक टेंडरला लावून बघा.

हे साध्या डीसी इंजिनासाठी. डिकोडरवालं इंजिन ९ व्होल्टला कधी जागं होतं, कधी होत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी डीसीसीच्याच (म्हणजे डिजिटल कंट्रोलच्या) रुळाकडून दोन वायरी घेऊन हीच परीक्षा करा.

चार ॲक्सलपैकी दोनच वीज घेत असतील तर इंजिन सरळ रुळावर चालेल आणि पॉइंटवर, म्हणजे रुळाला दोन फाटे फुटतात तिथे, मरेल. हा इतका ठरलेला प्रकार आहे की "फक्त पॉइंटवर थांबतं" असं कुणी म्हटलं की मी आधी पिकअपच विचारतो.

जी जोडी मेलेली आहे तिथे टॉर्च मारा. पत्ती चाकाला टेकलीये का? आता चाक बाजूला सरकवा, ॲक्सलला थोडी आडवी ढिलाई असतेच, आणि परत बघा. एका टोकाला टेकते आणि दुसऱ्या टोकाला सुटते, हा दोष सगळ्यात जास्त फसवतो. चिमट्याने पत्ती अर्धा मिमी चाकाकडे वाकवा. अर्धा, दोन नाही. जास्त दाबली तर ती ब्रेकचं काम करते आणि मग इंजिन हळू स्पीडला निघतच नाही.

⚠ पत्ती काढायला बॉडी उघडावी लागत असेल तर थांबा, वॉरंटीची अट वाचा. खालचं झाकण उघडणं बहुतेक ठिकाणी चालतं कारण तेल घालायला तेच उघडतात, पण "बहुतेक" म्हणजे सगळीकडे नाही.

टप्पा ६: रनिंग इन, म्हणजे अंग मोकळं करणं

हा टप्पा लोक गाळतात आणि मग इंजिन अडखळतं म्हणून तक्रार करतात. नव्या मोटरचे ब्रश (आत घासून वीज देणारे तुकडे) अजून बसलेले नसतात, ग्रीस गोदामात पडून एका जागी जमलेलं असतं. बॉडी उघडून दिसणार नाही असा हा प्रश्न फक्त पळवूनच सुटतो.

एक गोल घ्या, मोठ्यात मोठ्या त्रिज्येचा. मागे डबे नाहीत. अर्ध्या स्पीडला अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे. मग इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवा आणि परत दोन्ही दिशा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना आतलं आणि बाहेरचं वळण मिळतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. दर दहा मिनिटांनी थांबवून बॉडीला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद.

या वेळात टीव्ही बघू नका, कान इकडे द्या. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा टक्, टक्, टक् असं येत असेल तर ॲक्सलवरचा गिअर तडकलाय किंवा दात्यात कण अडकलाय. स्पीड कमी केला की टकटकही त्याच मापाने हळू होते, हीच ओळख. किर्रर्र असा बारीक चिरका आवाज म्हणजे कोरडं बेअरिंग, तेलाने जातो. एकाच दिशेने घरघर आणि दुसऱ्या दिशेने शांत, तर मोटरपासून बोगीकडे जाणारा शाफ्ट नीट बसलेला नाही, प्रवासात आदळआपट झालेल्या इंजिनांत हे होतं. मोटर जोरात फिरतेय, लाइट लागलाय, पण एकच बोगी ओढतेय, तर तो शाफ्ट सुटलेलाच आहे.

वाफेचं इंजिन दर फेरीला लंगडत असेल, म्हणजे एक पाय आखूड असल्यासारखं, तर दोन्ही बाजूंच्या चाकांचा कोन चुकलाय. डाव्या आणि उजव्या रॉडमध्ये ९० अंशांचा फरक असायला हवा. हे घरी दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, थेट परत पाठवा.

✔ तपासणी: रनिंग इन झालं की चाकं परत एकदा पुसा. ब्रश आणि ग्रीसची घाण या वेळात रुळावर उतरते आणि चाकांना लागते. हे न केल्यामुळे "काल छान चालत होतं, आज परत झटके" होतं.

टप्पा ७: तेल, आणि शक्यतो थोडं कमीच

रनिंग इन करूनही किर्रकिर्र असेल तरच. नवं इंजिन फॅक्टरीतून बहुधा जास्तच तेलाने माखून येतं.

खोबरेल तेल नको. हिवाळ्यात गोठतं, उन्हाळ्यात चिकट होतं, वर धूळ. डब्ल्यूडी ४० पण नको, ते गंज सोडवायचं आणि पाणी घालवायचं काम करतं, वंगण म्हणून टिकत नाही, आणि फवाऱ्यातून सगळीकडे उडतं. बाइकच्या चेनचं तेल नको. शिलाई मशीनचं तेल धातूच्या बेअरिंगला चालून जातं, पण प्लास्टिकच्या गिअरला प्लास्टिकसाठी आहे असं लिहिलेलं तेल किंवा ग्रीसच घ्या.

थेंब म्हणजे थेंब नाही. टाचणीचं टोक तेलात बुडवा, टोकावर जेवढं चिकटेल तेवढं ॲक्सलच्या टोकाला आणि मोटरच्या बेअरिंगला. गिअरला ग्रीस, काडीपेटीच्या काडीच्या टोकाएवढं. मोटरचे ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या भागाला तेल लागलं तर काळा चिखल होतो आणि मोटर खरोखरच बिघडते, म्हणजे नसलेला दोष आपण तयार केला.

टप्पा ८: टेस्ट ट्रॅकवर चालतं, लेआउटवर नाही

परत खडू.

वळणावर थांबत किंवा उतरत असेल तर आधी त्रिज्या बघा. सहा ॲक्सलची मोठी डिझेल इंजिनं १८ इंची वळणावर चिडतात, त्यांना बहुधा २२ इंच लागतात. हॉर्नबीच्या बऱ्याच इंजिनांना किमान दुसऱ्या त्रिज्येचं, म्हणजे ४३८ मिमीचं वळण लागतं, आणि काही स्वस्त सेटमध्ये पहिली त्रिज्या असते, ३७१ मिमी. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, रूळ बदला नाहीतर इंजिन.

पॉइंटवर उडी मारत असेल तर चाकांमधलं आतलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओमध्ये साधारण १४.४ ते १४.५ मिमी यायला हवं. त्यात फरक असेल तर चाक पॉइंटच्या मधल्या त्रिकोणाजवळ चढतं. सगळ्या ॲक्सलचं मोजा, एकाचंच चुकलेलं असू शकतं. पॉइंटवर उडी न मारता नुसतं थांबत असेल तर तो मधला तुकडा प्लास्टिकचा आहे आणि तुमचं इंजिन आखूड आहे, किंवा टप्पा ५ मधली मेलेली जोडी अजून मेलेलीच आहे. कपलरखाली (डबा जोडायचा आकडा) लोंबणारी तार पॉइंटच्या रुळाला अडते तेही बघा, इंजिन अचानक ठेच लागल्यासारखं थांबतं. तार पक्कडीने किंचित वर वळवा.

लांबच्या टोकाला गाडी मंदावत असेल तर वीज एकाच जागेवरून देताय. रुळाला दर तीन चार फुटांवर खालून वेगळी वायर जोडा, जॉइनरच्या भरवशावर राहू नका. आणि स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, पुस्तकांच्या थप्पीवर केलेला पूल नुसत्या डोळ्यांना २ टक्के चढाचा वाटतो आणि मोजला की ५ निघतो.

दिवाळीत किल्ल्याभोवती गाडी फिरवायची हौस सगळ्यांना, पुण्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघून आलेल्यांना तर जास्तच. फिरवा, पण जुनं इंजिन घ्या. मावळ्यांच्या पायाखालची माती सुकली की उडते, आणि शेजारी काढलेल्या रांगोळीची पूड गिअरमध्ये गेली की ती पॉलिश पेपरसारखंच काम करते.

टप्पा ९: इंजिन डीसीसीचं असेल तर

आवाजवालं डीसीसी इंजिन साध्या डीसीवर चालवताय आणि नॉब अर्धा फिरेपर्यंत फक्त इंजिनाचा आवाज येतो, हलत नाही? ते बरोबर आहे. साधारण ७ ते ८ व्होल्ट मिळेपर्यंत डिकोडर मोटरला हात लावत नाही.

डीसीसीवर अजिबात प्रतिसाद नसेल तर पत्ता (कंट्रोलर इंजिनाला ज्या नंबरने हाक मारतो तो) ३ वर बघा, नवा डिकोडर त्यावरच असतो. तरी नाही, तर सीव्ही १९ मध्ये ० लिहा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली नंबर दिलेली सेटिंग). आधी कुणी दोन इंजिनं जोडून चालवली असतील, परत आलेला माल दुकानाने परत विकला असेल, तर त्यात जोडीचा पत्ता राहतो आणि इंजिन स्वतःच्या पत्त्याला ओ देत नाही.

नॉब फिरवल्यावर खूप उशिरा निघतं, उशिरा थांबतं, तर सीव्ही ३ आणि ४ जास्त आहेत. दोन्ही शून्य करून बघा, नंतर चवीनुसार वाढवा. स्पीडच्या पहिल्या पायरीला झटका देऊन निघत असेल तर सीव्ही २ एकेकाने कमी करा, निघतच नसेल तर वाढवा. चालता चालता एकदम सुसाट पळत असेल तर रूळ घाणेरडा आहे आणि डिकोडरला वाटतंय आपण डीसीवर आलो. सीव्ही २९ मधून ४ वजा करा, म्हणजे ६ असेल तर २, डीसी मोड बंद. रूळ तरीही पुसायचाच आहे.

सगळंच गुंतलं असेल तर रीसेट. बऱ्याच कंपन्यांच्या डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की होतो, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा बघूनच लिहा.

⚠ डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं ठेवू नका. मोटर गुणगुणत राहते, फिरत नाही, आणि तापून जळते.

टप्पा १०: उघडायचं की परत पाठवायचं

परत पाठवायची मुदत चालू असेल तर उघडू नका. टकटक, लंगडणं, एकच बोगी ओढणं, चाकांचं अंतर चुकणं, आणि गरम मोटर, या गोष्टी दुकानाने निस्तरायच्या आहेत. टेस्ट ट्रॅकवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, लेआउटवरचा नको, नाहीतर "तुमचा ट्रॅक खराब आहे" हे उत्तर ठरलेलं. व्हिडिओत आधी दुसरं इंजिन त्याच रुळावर नीट चालताना दाखवा, मग हे. वहीतल्या नोंदी तशाच लिहून पाठवा, कुठले ॲक्सल वीज घेत नाहीत, किती व्होल्टला काय होतं. एका दुकानाने मला तीन मेलनंतरही "रनिंग इन केलंत का" एवढंच विचारलं होतं, तेव्हापासून मी पहिल्याच मेलमध्ये तारीख आणि वेळेसकट लिहून टाकतो.

मुदत संपली असेल किंवा इंजिन भावाने परदेशातून आणलंय आणि परत पाठवायचा खर्च इंजिनाएवढा असेल, तर उघडा. पांढरं कापड पसरा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, स्क्रू काढले त्या क्रमाने वहीच्या पानावर सेलोटेपने चिकटवा आणि शेजारी जागा लिहा, कारण पुढचे आणि मागचे स्क्रू सारखे दिसले तरी लांबीला वेगळे असतात. बॉडी सरळ वर ओढायची नाही. एक बाजू बोटभर उचला, आत टॉर्च मारा, वायर कुठून कुठे जातेय ते बघा, आणि मगच दुसरी बाजू.